दोष ओव्हनचा, बोल मला

ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेलं चिकन ओव्हनमध्ये कुरकुरीत होतं. कढईभर तेलाशिवाय होतं, घरच्या साध्या ओटीजीत होतं, आणि बदलापूरच्या मांजर्लीतल्या आमच्या स्वयंपाकघरात आता ते दर वेळी होतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण मधले कितीतरी महिने मला याच्या उलट ऐकवलं जात होतं. ओव्हन चांगला, कंपनी चांगली, रेसिपी चांगली. उरली ती बाई, म्हणजे चूक तिचीच. दुकानदाराने ऐकवलं, दुरुस्तीला आलेल्या माणसाने ऐकवलं, घरच्यांनीही ऐकवलं. ओव्हनच्या आत खरोखर किती तापमान आहे हे बघण्याची तसदी मात्र यांतल्या एकानेही घेतली नव्हती.

म्हणून हे लिहिते आहे. मन मोकळं करायचं आहेच, ते लपवत नाही. पण नवा ओव्हन घेऊन पांढुरक्या, गिळगिळीत चिकनकडे बघत बसलेल्या कोणाला तरी याचा उपयोग व्हावा असंही मनापासून वाटतं.

सासऱ्यांचं तळलेलं बंद झालं आणि ओव्हन घ्यायचं ठरलं. मुलांना बाहेरच्या बादलीतल्या चिकनची चटक लागलेली, तीही घरच्या घरी भागेल हा हिशोब. स्टेशनच्या परिसरातल्या एका दुकानात गेलो. तिथे विक्रेत्याने आमच्यासमोर फ्रीझरमधून पाकीट काढलं, त्यातले नगेट्स ट्रेवर मांडले आणि ओव्हन लावला. थोड्या वेळात सोनेरी, खुसखुशीत नगेट्स बाहेर. "बघा वहिनी, थेंबभर तेल नाही." मुलांनी खाल्ले, आम्ही खाल्ले, आणि पैसे भरून खोका घरी आणला.

त्या पाकिटातलं चिकन कच्चं नव्हतंच. असे गोठवलेले नगेट्स कारखान्यातच एकदा तेलातून काढलेले असतात. वरचा थर तिथेच घट्ट होतो, रंग धरतो, तेल पितो. घरी ते फक्त गरम करायचे असतात. मंद ओव्हनसुद्धा ते करून दाखवतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं, पण दुकानात पाकीट विक्रेत्याच्या हातात होतं. "थेंबभर तेल नाही" हे तो आमच्या तोंडावर बोलला, आणि तेल त्या नगेट्समध्ये आधीच मुरलेलं होतं. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

घरी पहिल्यापासून एकच रडगाणं. चुरा वर पांढरा, खाली चिखल. तुकडा उचलायला गेलं की थर ट्रेला चिकटून राहायचा आणि हातात उघडं मांस यायचं. जास्त वेळ ठेवलं तर चुऱ्याला जेमतेम रंग यायचा, पण तोवर आतलं मांस कोरडं पडून दोऱ्या सुटायच्या. दुकानात फोन केला की एकेक नवं कारण मिळायचं. चुरा ताजा घ्या. अंडं जास्त फेटा. चिकन फ्रीजमधलं नको. मग चिकन फ्रीजमधलंच हवं. मी ते सगळं करून बघितलं. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "सवय होईल वहिनी."

सगळ्यात जास्त लागली ती २०२४ची गटारी. त्या वर्षी आषाढ अमावास्या रविवारी आली होती, ४ ऑगस्टला. रविवार आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण, त्यामुळे सकाळपासून चिकनच्या दुकानांसमोर रांगा. अंबरनाथहून दीर-जाऊबाई मुलांना घेऊन येणार होते. दोन किलो लेग पीस आणले, आदल्या रात्री मसाला लावून ठेवले, चुरा घरी केला. पाहुणे आले, ओव्हन लावला, आणि पाऊण तासाने ट्रे बाहेर काढला तर तुकड्यांखाली पाणी साचलेलं आणि वर ओला लगदा. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, कशाला एवढा घाट? सरळ बाहेरून मागवायचं ना." दीर काही बोलले नाहीत, पण मोबाइल काढून मागवायलाच लागले. सासूबाईंनी मुकाट्याने कढई ठेवली आणि उरलेले तुकडे तळून काढले. तेच चिकन, तोच मसाला, तोच चुरा. कढईत कडक झाला, थर जागचा हलला नाही. चूक माझ्या हातात असती तर कढईतही दिसली असती. पण त्या दिवशी हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे नातेवाइकांत "हिच्या ओव्हनचं चिकन" हा विषय झाला तो झालाच.

मायक्रोवेव्ह घेतला असता तर, एअर फ्रायर घेतला असता तर, हे सल्ले मग महिनाभर मिळत राहिले. मायक्रोवेव्हचा सल्ला देणाऱ्यांना एवढंच सांगते, की नुसत्या मायक्रोवेव्हने चुरा कधीच कडक होत नाही. त्याच्या लहरी पदार्थातलं पाणी तापवतात, आजूबाजूची हवा थंडच राहते, आणि आतून निघालेली वाफ चुऱ्यात अडकते. कन्व्हेक्शनचं बटण असलेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो ओव्हनचंच काम करतो.

श्रावण संपला, गणपती झाले. मुलीने ऑनलाइन एक छोटा थर्मामीटर मागवला, ओव्हनच्या जाळीवर उभा ठेवायचा, गोल तबकडीचा. काही शे रुपयांची वस्तू. कॉलेजला जायच्या आधी तिने तो आत ठेवला, कळ २००वर फिरवली आणि मला म्हणाली, "आई, लाल दिवा गेला की बघ."

लाल दिवा गेला. दिवा जातो याचा अर्थ ओव्हन म्हणतो आहे की ठरवलेलं तापमान आलं, आता तापणाऱ्या दांड्यांची वीज बंद. मी काचेतून बघितलं. काटा १५५वर. वाटलं, थर्मामीटर हळू चढत असेल. थांबले. दिवा पुन्हा लागला, पुन्हा गेला. काटा १५५च्या आसपासच. जाळी वरच्या खाचेत लावली, मग खालच्या. मागच्या कोपऱ्यात थोडा वर गेला, दाराजवळ आणखी खाली आला. मधोमध, जिथे चिकन असतं तिथे, १५५. कळ शेवटपर्यंत २५०वर नेली तेव्हा कुठे १९०च्या पुढे सरकला.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. हायसं वाटलं हे खरं, पण त्याच्याही आधी संताप आला. इतके महिने मी २०० समजून जे करत होते ते ४५ अंशांनी कमी होत होतं. प्रत्येक रेसिपीतलं प्रत्येक मिनिट खोटं पडत होतं. आणि इतके महिने दुकानातला माणूस मला अंडं कसं फेटायचं ते शिकवत होता.

४५ अंशांनी एवढा फरक का पडतो, ते समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. चुऱ्यात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १००च्या आसपास अडकून राहतं. ते पाणी उडून गेल्यावरच तो तापायला लागतो आणि साधारण १४०च्या पुढे त्याला तांबूस रंग नि भाजका वास येतो. या रंग येण्याच्या क्रियेला लुई मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याने ती १९१२मध्ये मांडली. आता शर्यत अशी असते: बाहेरचा चुरा कोरडा व्हायला हवा, आणि त्याच वेळात आतलं मांस शिजायला हवं, पण वाळायला नको. भट्टी २००ला असेल तर चुरा ही शर्यत जिंकतो. १५५ला चिकन आधी शिजतं, पाणी सोडतं, ते पाणी चुऱ्यात शिरतं आणि सगळं झाकण ठेवलेल्या भातासारखं वाफेवर शिजतं. मसाला कितीही चांगला असला तरी त्याने हे बदलत नाही.

तक्रार नोंदवली. दुरुस्तीला माणूस आला. त्याने ओव्हन लावला, पाच मिनिटांनी दार उघडलं, आत तळहात धरला आणि म्हणाला, "गरम होतंय की मॅडम." मी थर्मामीटर दाखवला. "हा कंपनीचा नाही, आम्हाला चालत नाही." मग कंपनीचा आणा म्हटलं. तो त्याच्याकडे नव्हता. ओव्हन दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या पिशवीत तापमान मोजायचं साधन नाही! मी म्हटलं, आत साखर ठेवून ती १९०ला वितळते का बघू या, पंधरा मिनिटं लागतील. त्याला थांबायला वेळ नव्हता. जाताना म्हणाला, "बदलापूरला व्होल्टेज कमी असतं. त्यामुळे होतं असं." आणि कागदावर "यंत्र ठीक, वापराबाबत मार्गदर्शन केले" असं लिहून माझी सही मागितली. मी सही दिली नाही.

व्होल्टेजचं त्याने सांगितलं ते कसं चुकीचं होतं ते लिहिते, कारण आपल्याकडे हे कारण सर्रास पुढे करतात. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं हे खरं आहे आणि त्याचा ओव्हनवर परिणामही होतो. २३० व्होल्टसाठी बनवलेली दांडी २०० व्होल्टवर चालवली की तिची उष्णता जवळजवळ पाऊणपटीवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. पण मग काय होईल? ओव्हन हळू तापेल आणि लाल दिवा जास्त वेळ जळत राहील. माझा दिवा १५५लाच जात होता. म्हणजे विजेची कमतरता नव्हती. ओव्हन स्वतःच वीज लवकर तोडत होता. दोष थर्मोस्टॅटचा. बऱ्याच लहान ओटीजींत हा थर्मोस्टॅट बाजूच्या पत्र्याला लावलेला असतो आणि आतल्या हवेपेक्षा त्या पत्र्याची उष्णता मोजतो. तो जरा सरकला किंवा मुळातच चुकीचा लावलेला असला की कळीवरचे आकडे निरर्थक होतात. हे मला, भूगोल घेऊन बी.ए. झालेल्या बाईला, दिव्याकडे बघून कळलं. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

दुकानात गेले. दुकानदाराने बिलाची पावती उलटून "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या ओळीवर बोट ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचं ते वळणं मी विसरणार नाही. खरेदीच्या दिवशी याच माणसाने आम्हाला चहा पाजला होता.

मग ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. १९१५. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो. मी बिल, वॉरंटीचं कार्ड आणि काचेतून काढलेला फोटो जोडला; फोटोत कळ २००वर, दिवा बंद आणि काटा १५५वर. त्यानंतर कंपनीकडून दुसरा माणूस आला. तरुण होता, मापाचं साधन घेऊन आला होता, आणि आल्या आल्या "ताई, आधी मोजून घेऊ" म्हणाला. हेच एक वाक्य मला इतके महिने ऐकायचं होतं. थर्मोस्टॅट बदलला. आता कळ २००वर असली की काटा १९५ ते २०५मध्ये असतो. दुकानदाराकडून "चुकलं" असा एक शब्द आला नाही. अजून आलेला नाही.

आता कामाचं सांगते.

ओव्हन घरी आला की आधी तो तपासा. थर्मामीटर घेतला तर उत्तम, नसेल तर साखर आहेच. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. चमचाभर साखर फॉइलच्या वाटीत घालून मधल्या जाळीवर ठेवा. १७५ला पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवली तर दाणे तसेच राहायला हवेत. मग १९०ला पंधरा मिनिटं. आता वितळायला हवी. १७५लाच वितळली तर ओव्हन आकड्यापेक्षा जास्त तापतो, १९०लाही दाणे कोरडे राहिले तर कमी तापतो. वाटी हाताने काढू नका, वितळलेली साखर भयंकर पोळते.

कुठला कोपरा तापट आहे ते ओळखा. जाळीभर ब्रेडच्या स्लाइस मांडा आणि भाजा. ज्या आधी काळवंडतील तिथे उष्णता जास्त. माझ्या ओव्हनमध्ये मागची उजवी बाजू. तिथे मी जाड तुकडे ठेवते.

दुकानात प्रात्यक्षिक दाखवत असतील तर गोठवलेलं पाकीट नको म्हणा. साधी ब्रेडची स्लाइस भाजून दाखवायला सांगा. ती दोन्ही बाजूंनी सारखी तांबूस झाली पाहिजे. कच्चं चिकन दुकानात कोणी करून दाखवणार नाही, पण स्लाइसला नाही म्हणायला कारण नाही. नाही म्हणाले तर दुकान बदला.

प्लग. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अॅम्पियर ओढतो, म्हणजे मिक्सरच्या छोट्या ६ अॅम्पियरच्या पॉइंटला तो लावायचाच नाही. १६ अॅम्पियरचा मोठा पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच नको. आमच्या इमारतीत एकांचा बोर्ड वितळलेला मी डोळ्यांनी बघितला आहे. ओव्हन चालू असताना त्याच लाइनवर इस्त्री किंवा गीझर लावू नका. संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल तर तापायला जास्त वेळ द्या, किंवा दुपारीच करून ठेवा आणि जेवायच्या वेळी पाच-सात मिनिटं पुन्हा कडक करा.

चिकन. आपल्याकडे चिकनवाला सवयीने साल काढून देतो. परदेशी रेसिपीत साल असते आणि तिची चरबी ओव्हनमध्ये वितळून चुऱ्याला आतून तळते. आपल्या चिकनमध्ये ती चरबी नाही, म्हणून तेल आपल्याला चुऱ्यातच घालावं लागतं. हे न सांगता लोक परदेशी रेसिपी जशीच्या तशी मराठीत उतरवतात आणि वाचणारीचं चिकन फसतं. बोनलेस घेणार असाल तर छातीपेक्षा मांडीचं घ्या, कोरडं पडत नाही. लेग पीसला हाडापर्यंत दोन चिरा द्या.

नळाखाली चिकन धुण्याने त्यावरचे जंतू मरत नाहीत. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. जंतू मरतात ते शिजण्याने. तरीही धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर पातेल्यात हलक्या हाताने धुवा, नंतर ओटा साबणाने पुसा, आणि चिकन कोरडं करा. कोरडं म्हणजे निथळलेलं नव्हे, स्वच्छ सुती फडक्याने पुसलेलं. फडकं लगेच उकळत्या पाण्यात टाका.

मसाला. अर्ध्या किलोला एक लहान चमचा मीठ, मिरपूड, लाल तिखट किंवा घरचा आगरी मसाला, आणि आलं-लसणाचं वाटण. वाटण पाणी न घालता करा. दही लावायची आपल्याला सवय असते. दही लावलंत तर घोळवण्याआधी तुकड्यावरचं दही बोटाने निपटून काढा. दह्याचा जाड थर राहिला की वर चुरा कधीच कडक होणार नाही.

चुरा. बाजारातला पाकिटातला चुरा पिठासारखा बारीक असतो आणि त्याचा दाट लेप बसतो. घरी करा. कालचे लादीपाव तोडून ट्रेवर पसरा, १०० ते ११० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं वाळवा, गार करा आणि मिक्सरमध्ये एक-दोन झटके द्या. रव्याहून मोठा, ओबडधोबड चुरा हवा. बेकरीतला गोड टोस्ट वापरू नका, साखरेमुळे तो चिकन शिजायच्या आधी करपतो.

आता खरी युक्ती, जी मला कोणी सांगितली नव्हती. चुरा आधीच भाजा. कढईत दोन वाट्या चुऱ्याला दोन मोठे चमचे तेल घालून मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परता. म्हणजे रंग आधीच आलेला असतो. ओव्हनला फक्त चिकन शिजवायचं आणि चुरा कोरडा ठेवायचा. मूठभर बारीक रवाही त्यातच परतते मी. बोंबलाला रवा लावतो तोच, पण ओव्हनसाठी तो कच्चा वापरला तर दाताखाली कचकचतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत चुरा तासाभरात सादळतो, तेव्हा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि वापरण्याआधी पुन्हा गरम करा.

घोळवणं. आधी कोरडं पीठ, मैदा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं. ते झटकून टाका. मग फेटलेलं अंडं, ते निथळू द्या. मग चुरा, तळव्याने दाबून. एक हात कोरड्याला, एक हात ओल्याला. घोळवलेले तुकडे वीस मिनिटं फ्रीजमध्ये उघडे ठेवा, थर धरून बसतो. अंडं चालत नसेल तर कॉर्नफ्लोअरची पातळ खळ चालते, पण थर तेवढा घट्ट बसत नाही.

भाजणं. ओव्हन २००वर किमान वीस मिनिटं रिकामा तापू द्या. दिवा एकदा गेला म्हणजे तापला असं नाही. भिंती तापायला वेळ लागतो. पंख्याचा ओव्हन असेल तर १८०. तुकडे थेट ट्रेवर ठेवू नका. ट्रेवर जाळी, जाळीला तेलाचा हात आणि त्यावर तुकडे, एकमेकांना न टेकता. खालून हवा फिरली पाहिजे. दाटी केली की वाफ कोंडते, आणि मग दोन खेपा वाचवायच्या नादात दोन्ही खेपा वाया जातात. वरून ब्रशने थोडं तेल. बोनलेस पट्ट्यांना अठरा ते बावीस मिनिटं, लेग पीसला चाळीसच्या आसपास, मध्ये एकदा उलटून. सारखं दार उघडू नका, प्रत्येक वेळी उष्णता भसकन बाहेर जाते. दाराला काच आहे, काचेतून बघा.

शिजलं का हे रंगावरून ठरवू नका, कारण चुरा आधीच भाजलेला आहे. मांसात खुपसायचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात ७४ अंश यायला हवेत. लेग पीसला मी ८०पर्यंत जाऊ देते, हाडाजवळ कच्चं राहत नाही. नसेल तर जाड तुकडा कापून बघा. रस स्वच्छ निघाला पाहिजे, मांस गुलाबी नको.

वाढणं. कुरकुरीत झालेलं चिकन हॉटपॉटमध्ये झाकून ठेवणं हे आपल्याकडचं मोठं संकट आहे. पाच मिनिटांत मऊ. जाळीवरच उघडं ठेवा आणि लगेच वाढा. पाहुण्यांना आधी बसवा, मग ट्रे काढा. चटणी बाजूला द्या, वर ओतू नका.

बाकी नेहमीचं: घाई करू नका, ओटा स्वच्छ ठेवा, कच्च्या चिकनची सुरी-पाटी वेगळी ठेवा, मुलांना गरम दारापासून लांब ठेवा.

आता बिलाचं. बिल घ्याच, पक्कं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मुदत बिलात दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. ही मुदत मला दुकानात कोणी सांगितली नाही. "सवय होईल, सवय होईल" म्हणत ते मला त्या ३० दिवसांच्या पलीकडे घेऊन गेले, आणि हे मुद्दाम होतं असंच मी मानते. वॉरंटी होती म्हणून निभावलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही. पुरावे मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: बिल, वॉरंटी कार्ड, कळ आणि काटा दोन्ही दिसतील असा फोटो, दुरुस्तीला आलेल्याने काय लिहिलं त्याची प्रत. आणि न पटणाऱ्या कागदावर सही करू नका, समोरचा कितीही घाईत असला तरी.

घरच्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. शेगडी बिघडली तर आपण शेगडीला नावं ठेवतो, फ्रीज बिघडला तर फ्रीजला. ओव्हन बिघडला की मात्र बाईच्या हाताला नावं का ठेवायची? ज्या हाताचं खाऊन घर वाढलं त्या हातावर शंका घ्यायच्या आधी कोणीतरी यंत्र तपासून बघावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. जाऊबाई आता येतात तेव्हा आवडीने खातात, डबाही नेतात. त्या गटारीचा विषय त्यांनी काढलेला नाही, मीही काढत नाही. पण मी विसरलेले नाही.

त्या दुकानात आजही तेच नगेट्स भाजून दाखवतात. म्हणून नवा ओव्हन घरी आला की चिकन आणायच्या आधी साखर ठेवा. १९०ला वितळली नाही तर त्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि "सवय होईल" एवढंच ऐकून घरी परत येऊ नका.